करंगळीपाशी चिकटवलेले तुकडे

मित्रांनो, तुमच्या बाईंच्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यावर जो लाकडाचा पाय ठेवलेला असतो, तो मी. वाऱ्याने वह्या उडू नयेत म्हणून नुसते बसून राहायचे, एवढेच माझे हल्लीचे काम. तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या टाचेवर पेनाने डोळे काढले आहेत आणि मधल्या सुट्टीत मला फोन म्हणून कानाला लावले जाते, हेही मला ठाऊक आहे. माझी तक्रार नाही. पण काल पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारले, "बाई, हा कुणाचा पाय आहे?" बाई नुसत्या हसल्या आणि फळ्याकडे वळल्या. तेव्हा म्हटले, आता आपणच सांगून टाकावे.

मी एक जुना फर्मा आहे, डाव्या पायाचा. पूर्वी बूट शिवणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम लाकडाचा पाय कोरायचा आणि त्यावर कातडे ताणून बूट शिवायचा. त्या लाकडी पायाला फर्मा म्हणतात. गिऱ्हाईक बूट घालून घरी जाई, फर्मा मात्र दुकानातच राही, पुढच्या बुटांसाठी. मग वयाप्रमाणे पाय बदलतो. कुठे गाठ येते, कुठे सूज येते. तेव्हा फर्म्यावर नेमक्या त्या जागी कातड्याचा पातळ तुकडा चिकटवायचा, म्हणजे नवा बूट तिथे तेवढाच सैल होतो. माझ्या अंगावर असे पुष्कळ तुकडे आहेत. हात लावून बघा, पण करंगळीपाशी जरा जपून. माझी सगळी गोष्ट तिथेच आहे.

मला कोरणारा कारागीर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. एका उतरत्या गल्लीत, छापखान्याच्या शेजारी त्याचे दुकान होते. दुकान कसले, एक लांबट खोली. वर राहायच्या दोन खोल्या. खाली भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर दोनशेच्या आसपास फर्मे, प्रत्येकावर शिसपेन्सिलीने गिऱ्हाइकाचे नाव. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि समोर पाय ठेवायला एक तिरकी लाकडी पायरी.

माप घेण्याची त्याची एक रीत होती, वडिलांकडून आलेली. कागदाची पट्टी पायाभोवती गुंडाळायची आणि जिथे टोक मिळेल तिथे कडेला कातरीने बारीक काप घ्यायचा. आकडे नाहीत, इंच नाहीत, नुसते काप. ते झाले की पाय दोन्ही तळहातांत धरायचा आणि डोळे मिटायचे, मनात दहा मोजेपर्यंत. नवखी गिऱ्हाइके अवघडून जात. काहींना वाटे, याचा डोळा लागला. कुणी विचारले तर म्हणे, "डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळतं."

एका सकाळी एक मुलगी लंगडत दुकानात शिरली. तुटलेली टाच तिच्या हातात होती. टेकडीवरच्या मोठ्या बंगल्यातली, कापडगिरणीच्या मालकांची ती एकुलती एक मुलगी. मी तेव्हा कोपऱ्यात पडलेला लाकडाचा ठोकळा होतो, पण ठोकळ्यालाही कान असतात. टाच ठोकता ठोकता कारागिराने तिच्या पायांकडे पाहिले. डाव्या पायावर फोड आले होते.

"तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे," तो म्हणाला.

ती चमकली. "आमचे बूट बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानातून येतात. तिथं असं कधी कुणी बोललं नाही."

"धाडस झालं नसेल. मालकांच्या मुलीचे पाय सारखे नाहीत, हे कोण सांगणार?"

"तुम्ही सांगताय की."

"मी खोटं बोललो तर बूट तुम्हाला चावणार, बाईसाहेब. मला नाही."

ती खळखळून हसली आणि तिथल्या तिथे दोन्ही पायांचे माप देऊन मोकळी झाली. त्याने नेहमीप्रमाणे डावा पाय तळहातांत धरला आणि डोळे मिटले. मी मोजत होतो. दहा झाले, पंधरा झाले, वीसला त्याने डोळे उघडले.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला कोरायला घेतले. माझ्यातून मी निघालो, शेजारच्या ठोकळ्यातून माझा जुळा भाऊ उजवा निघाला. आपल्याच तोंडाने कशाला सांगू, पण मी देखणा झालो होतो. तिच्या पायाचा प्रत्येक चढउतार माझ्या अंगावर होता. फक्त एक गोष्ट मला खटकली. बाकी सगळ्या फर्म्यांवर नावे होती. आमच्यावर त्याने नाव लिहिलेच नाही. मला वाटले, विसरला.

आठवड्याने ती बूट न्यायला आली. बूट घालून ती दारापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. चेहऱ्यावरून कळत होते, जन्मात पहिल्यांदा तिच्या पायांना कुणी न्याय दिला होता. आता ती बूट घेऊन जाणार आणि वर्षभर इकडे फिरकणार नाही, हे उघड होते. तिने खिडकीबाहेर पाहिले, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "डाव्या करंगळीला चावतोय."

साफ खोटे! मित्रांनो, मी म्हणजे तिचा पाय. कुठे चावते आणि कुठे नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला? कारागिराने बूट उतरवला, पाय हातात धरला, डोळे मिटले. मी वाट बघत होतो की आता हा तिला चांगली सुनावणार. तो म्हणाला, "हो, चावत असेल. चार दिवसांनी या."

आणि माझ्या धडधाकट करंगळीवर त्याने खळ लावून कातड्याचा तुकडा चिकटवला. बूट उसवला, पुन्हा माझ्यावर चढवला, पुन्हा शिवला. चार दिवसांनी ती आली. अजून थोडे चावतेच, म्हणाली. दुसरा तुकडा बसला. मग तिसरा. माझी करंगळी वाटाण्यासारखी टम्म फुगली आणि शेजारचे फर्मे मला हसू लागले. बूट तर तिथे इतका सैल झाला की आत आणखी एक करंगळी मावली असती. तेव्हा कुठे ती म्हणाली, "आता छान बसतोय." तोवर तिला कारणाची गरज उरली नव्हती. ती नुसतीच येऊ लागली होती. स्टुलावर बसायची, तो शिवत असायचा आणि दोघे बोलत राहायची.

मला मात्र त्याची कीव आली. इतका कसलेला कारागीर, आणि पोरीने डोळ्यांत धूळ फेकली तरी याला पत्ता नाही!

बंगल्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली आणि तिचे वडील स्वतः चालत दुकानात आले. ते बसले नाहीत.

"पायरी ओळखून राहावं माणसानं," ते म्हणाले.

"माझी पायरी ही समोर आहे, साहेब," कारागीर शांतपणे म्हणाला. "सगळ्यांचे पाय याच पायरीवर येतात." मग त्याची नजर खाली गेली. सवयच ती. "तुमचा उजवा बूट चावतोय, साहेब. घोट्यापाशी."

वडील लाल झाले आणि निघून गेले. त्यांनी मुलीला एवढेच सांगितले की, त्या दुकानाची पायरी चढलीस तर या घराची पायरी तुला बंद. ती एक पिशवी घेऊन टेकडी उतरली. पायांत तेच बूट होते.

मित्रांनो, गोष्टींमध्ये इथे सगळे गोड होते. दुकानात तसे झाले नाही. आयुष्यात सुईत दोरा न ओवलेली ती मुलगी कातडे शिवायला शिकली. आरीने, म्हणजे कातड्याला भोक पाडायच्या टोच्याने, पहिल्या महिन्यात तिची सगळी बोटे फुटली. खळीच्या वासाने तिला मळमळायचे. एकदा तिने दोन्ही बुटांना उलटे तळ शिवले आणि ती रडत बसली. त्याने ते उसवले आणि म्हणाला, "बाईसाहेब, चहा घेता का?" लग्नानंतरही तो तिला बाईसाहेबच म्हणायचा, चिडवायला. ती त्याला "अहो कारागीर" म्हणायची. दिवसातून निदान दहा वेळा मी ते ऐकत असे.

दर वर्षी, टाच तुटली होती त्याच तारखेला, तो तिला स्टुलावर बसवून नवे माप घ्यायचा. मग तुमच्या बाई पोटात होत्या. हो, याच तुमच्या बाई, गृहपाठ न केल्यास उभ्या करणाऱ्या! त्या वर्षी तिचे पाय सुजले आणि माझ्या पाठीवर एक तुकडा आला. पुढे अंगठ्याच्या सांध्याला गाठ आली, तिथे दुसरा. ती थकत गेली तसा मी जाड होत गेलो. पण तिच्या करंगळीला कधी काहीही झाले नाही आणि तरी ते तीन तुकडे त्याने कधी काढले नाहीत. एकदा खळ सुटून ते गळून पडले, तर फळीखाली वाकून शोधून पुन्हा चिकटवले. त्यामुळे तिचा प्रत्येक डावा बूट तिथे सैल व्हायचा आणि ती बिचारी आत कापूस कोंबायची. मला हे कसे कळले? बूट दुरुस्तीला खाली आला की मला त्यात घालायचे. कोपऱ्यात कापसाचे धागे अडकलेले असायचे. कारागीर ते चिमटीत धरायचा, फुंकर मारून उडवायचा आणि कामाला लागायचा. मला वाटे, कचराच समजतो तो त्याला.

अकरा वर्षांनी बंगल्यावरून ड्रायव्हर आला. त्याच्या हातात एक कागद होता आणि कागदावर पेन्सिलीने काढलेला पायाचा आकार. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. "कागदावर माप घेत नाही मी," कारागीर म्हणाला. "पाय स्वतः यायला हवा." चार दिवसांनी वडील आले. पाय इतके सुजले होते की कुठल्याच दुकानाचा बूट चढत नव्हता. ते स्टुलावर बसले. जावयाने त्यांचा पाय हातात धरून डोळे मिटले. मुलीने चहा आणून ठेवला. बूट तयार झाल्यावर ते घालून दारापर्यंत गेले, थबकले आणि पाठमोरेच म्हणाले, "चावत नाही." त्यानंतर ते दर वर्षी येत राहिले.

मग खूप वर्षे गेली. कारागिराचे केस पांढरे झाले, तिचेही. गल्लीतले लोक तयार बूट घालू लागले आणि आमच्या फळ्यांवर धूळ बसू लागली. त्याचे विसरणे सुरू झाले ते अगदी हळू. रापी, म्हणजे त्याची कातडे तासायची सुरी, हातात असताना तो ती शोधायचा. एका गिऱ्हाइकाला त्याने एकाच जोडात दोन्ही डावे बूट शिवून दिले. पुढे वरच्या खोलीचा जिना कुठे आहे ते विसरला. आणि एका सकाळी ती चहा घेऊन पलंगापाशी गेली तर तो म्हणाला, "बाईसाहेब, दुकान अजून उघडलं नाही. तुम्ही वर कशा आलात?"

ती हसली. तिला वाटले, नेहमीचे चिडवणे. तो हसला नाही.

त्यानंतर तो तिला घाबरू लागला. कुणी परकी बाई घरात फिरते, आपल्याला भरवायला येते, आपले कपडे बदलते, हे त्याला सहन होईना. "माझी बायको येईल आता. तुम्ही जा," असे तो तिलाच हात जोडून सांगायचा. ती जिन्याच्या पायरीवर येऊन बसायची. तुमच्या बाई सुट्टीला आल्या तेव्हा त्यांनी हे पाहिले.

"आई, अशा माणसांची काळजी घेणारी एक संस्था आहे. मी बोलले त्यांच्याशी. सोमवारी येतील बघायला."

"मला सोडून कसे राहतील हे?"

"बाबा तुला ओळखतही नाहीत, आई. तुला बघून घाबरतात."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "मला ओळखलं नाही तरी चालेल गं. मी ओळखते ना. फक्त एकदा कळायला हवं, यांच्या आत माझं काही उरलंय का. काहीच नसेल, तर मग मी कुणाला धरून बसलेय?" आणि सोमवारला तिने होकार दिला.

रविवारी बाईंनी दुकान आवरायला घेतले. नाव असलेले फर्मे त्या त्या घरी पाठवायचे, बिननावाचे आणि नाव पुसले गेलेले जळणाच्या खोक्यात. बाईंना दोष देऊ नका. आमच्यावर नाव नव्हते, त्यांना कसे कळणार? मी आणि उजवा खोक्याच्या तळाशी गेलो. कारागीर आपल्या जागेवर बसून मांडीवरचे कातडे कुरवाळत होता. दुकानात बसला की तो शांत असायचा.

जिन्याचे दार खोक्यांनी अडले होते. म्हणून ती घराच्या मागच्या जिन्याने खाली उतरली, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने दुकानात आली. तिला दुकानातली एक पिशवी तेवढी न्यायची होती. पण ती दारात दिसताच कारागीर उठून उभा राहिला.

"या, बाईसाहेब. बसा. काय त्रास आहे?"

कित्येक महिन्यांत त्याने तिला बस म्हटले नव्हते. ती स्टुलावर बसली. पाय आपोआप तिरक्या पायरीवर गेला आणि तोंडून निघाले, "डाव्या करंगळीला चावतोय."

त्याने तिचा बूट उतरवला. आतून कापसाचा बोळा पडला. तो त्याने चिमटीत धरला आणि त्याच्याकडे बघून हसला. मग पाय दोन्ही तळहातांत धरून डोळे मिटले. खोक्यात पडल्या पडल्या मी मोजू लागलो. दहा. वीस. तीस. तो उठला. सगळ्या फळ्या ओलांडून सरळ जळणाच्या खोक्यापाशी आला, वरचे फर्मे बाजूला केले आणि मला बाहेर काढले. दोनशे फर्म्यांतून, बिननावाच्या मला. तिच्या पायाशेजारी ठेवून त्याने माझ्या करंगळीवरून अंगठा फिरवला.

"हा पाय माझ्या ओळखीचा आहे, बाईसाहेब."

"कुणाचा?" तिने विचारले.

"एक मुलगी यायची टेकडीवरून. बूट चावतो म्हणायची." तो हळूच हसला. "चावत नव्हता. पहिल्या दिवसापासून नीट बसला होता. तळहाताला कळतं ना."

"मग हे तुकडे कशाला लावलेत?"

"चावत नाही म्हटलं असतं, तर परत आली असती का ती?"

बाईंच्या हातातला फर्मा हातातच राहिला. त्यांच्या आईने विचारले, "मग पुढं काय झालं तिचं?"

"व्हायचं काय? लग्न केलं आम्ही. वर असते ती. रोज सकाळी गुपचूप कापूस घालते बुटात. तिला वाटतं, मला काही माहीत नाही." तो पुढे झुकला आणि त्याने आवाज उतरवला. "तुम्ही बोलू नका हं तिच्याजवळ. इतकी वर्षं जपलंय तिनं. तिचा विरस होईल."

ती म्हणाली, "नाही सांगणार."

"चार दिवसांनी या, बाईसाहेब."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मी थक्क झालो आणि अजून तसाच आहे. चोपन्न वर्षे मी त्याला भोळा समजत होतो. त्याने तिचे एक लटके खोटे माझ्या अंगावर चिकटवून ठेवले होते, पडले तर शोधून पुन्हा लावले होते, आणि आपल्याला माहीत आहे हे तिला कधी कळू दिले नव्हते. स्वतःच्या घराचा जिना विसरला तेव्हाही त्याने ते गुपित सांडले नाही. आमच्यावर नाव का लिहिले नव्हते, तेही मला त्या दिवशी उमगले: तळहाताला पाठ असलेल्या पायावर नाव कशाला लिहायचे? सगळ्या दुकानात मूर्ख होता तो एक मीच.

तिने डोळे पुसले आणि लेकीला म्हणाली, "उद्या कुणाला बोलावू नकोस."

त्या दिवसापासून तिने एक नेम धरला. सकाळी त्याला दुकानात बसवायला शेजारच्या छापखान्यातला माणूस यायचा. मग ती मागून उतरायची, गल्लीला वळसा घालायची आणि पुढच्या दाराने गिऱ्हाईक होऊन आत यायची. परक्या बाईच्या हातचा चहा त्याला नको असे, पण गिऱ्हाइकाने आणलेला चहा तो आनंदाने घेई. जेवणही त्यांचे तिथेच होऊ लागले. रोज तिच्या डाव्या करंगळीला चावायचे, रोज तो डोळे मिटायचा आणि चार दिवसांनी या म्हणायचा. कधी तो खळ विसरे, कधी कातडे, पण अधूनमधून एखादा तुकडा माझ्यावर बसायचाच. मोजून बघा, करंगळीपाशी आता अकरा आहेत. तो तिला बायको म्हणून पुन्हा कधी ओळखू शकला नाही. पण बाईसाहेब यायच्या वेळी तो केसांना पाणी लावून, सदऱ्याची गुंडी नीट करून दाराकडे बघत बसलेला असे. हे दोन वर्षे चालले. शेवटी त्याला खाली आणणे जमेना, तेव्हा ती पलंगाशी स्टूल ओढून पाय त्याच्या हातात देई. आणि मग एके दिवशी तो गेला.

आता उजवा तिच्या खिडकीत असतो आणि मी तुमच्या वर्गात. तुम्ही मला जरूर कानाला लावा, पण एक ऐका. तुमच्या घरात कुणी आजी, आजोबा विसरू लागले, तर त्यांच्यासमोर उभे राहून "ओळखा पाहू मी कोण" असे विचारू नका. ती फार कठीण परीक्षा असते आणि नापास होताना त्यांना कळत असते. त्यांच्या हातांना जे येते ते त्यांच्या हातात द्या, शेजारी बसा आणि लागलाच तर थोडा वळसा घालून पुढच्या दाराने या. आमच्यासारख्या जुन्या वस्तू टाकण्याआधीही घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा.

ती अजून त्याने शिवलेला शेवटचा जोड घालते. परवा बाईंना न्यायला शाळेत आली होती, तुम्ही पाहिले असेल. डावा बूट करंगळीपाशी सैलच आहे. पण आता ती कापूस घालत नाही. तेवढी जागा तशीच ठेवते.